रेलणारा घोडा

“हाही नको,” म्हणत बाईंनी तिसऱ्या घोड्याचं दार लावून घेतलं. नालबंदाच्या डोक्यात तिडीक गेली. पहिली घोडी ठेंगणी, दुसरीला पाठीचं दुखणं, आणि हा तिसरा म्हणे अजून कच्चा. तबेला बाईंचा, नियमही बाईंचा: स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शावर जायचं नाही. सकाळी त्यांनी नालबंदाला चाऱ्याच्या काट्यावर उभं केलं होतं. काटा एकशे सोळा किलोवर थांबला होता.

भांडावं तर बाईंचं काही चुकत नव्हतं, म्हणून तर जास्तच चिडचिड होत होती. तीस वर्षं तो या तबेल्यात नाल ठोकत होता. सगळा जन्म घोड्यांच्या पायाशी गेला, पाठीवर एकदाही बसला नव्हता. सोमवारी गुडघ्याचं ऑपरेशन होतं. त्यानंतर घोड्यावर बसायचं नावही काढू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणजे आज नाही तर कधीच नाही. त्यात घरून निघताना बायकोनं चिमटा काढलाच होता, की तुम्ही घोड्यावर बसणार की घोडा तुमच्यावर?

“आता उरला दादासाहेब,” बाई म्हणाल्या.

हे नेमकं नालबंदाला नको होतं. दादासाहेब म्हणजे सातशे किलोचं धूड. त्याचा पाय उचलून मांडीवर घेतला, की हा महाराज सगळा भार खुशाल नालबंदाच्या अंगावर टाकायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. कोपरानं ढोसा, शिव्या घाला, ढिम्म हलायचा नाही. नऊ वर्षं हेच चाललं होतं. आपला गुडघा यानंच खाल्ला, असं नालबंद चारचौघांत सांगायचा. बाकीच्या घोड्यांसाठी त्याच्या खिशातून गाजर निघायचं, याच्यासाठी कधीच नाही.

“त्याच्यावर मी बसणार नाही,” तो म्हणाला. “नऊ वर्षं मी त्याचं ओझं वाहिलंय. माझा काडीचा विचार केला नाही त्यानं. तो मला पाठीवर घेईल होय?”

बाई खोगीर उचलता उचलता थांबल्या.

“गेल्या वर्षी तुम्ही महिनाभर आजारी होतात, मामा. दुसरा नालबंद आला होता. हा कान मागे टाकून तीन पायांवर ताठ उभा राहिला. घामानं निथळला, पण त्याच्यावर रेलला नाही. हा कुणावरच रेलत नाही, तुमच्याशिवाय.”

नालबंदानं उगाच खिसा चाचपला. गाजर एकच होतं, तेही अर्धं. दादासाहेबानं ते सावकाश खाल्लं.

मग नालबंद लाकडी पायऱ्यांवरून कण्हत चढला आणि खोगिरावर टेकला. अंग चोरून, श्वास रोखून बसला. तेवढ्यानं वजन कमी होणार होतं थोडंच. दादासाहेब हलला नाही. बाईंनी खालून सांगितलं, की मामा, अंग सैल सोडा.

नालबंद हळूहळू पुढं वाकला. आधी हात टेकले, मग छाती, मग त्या रुंद मानेवर गाल. शेवटी सगळा भार टाकला. दादासाहेबानं चारही पाय नीट रोवले, आणि या वेळी डोळे नालबंदानं मिटले.