खटक्यानंतरचा आवाज

नोकरी टिकवायची तर मैत्रेयीला संध्याकाळपर्यंत सायलेन्सर लावलेल्या बंदुकीचा खराखुरा आवाज तयार करून द्यायचा होता. गुडगावच्या गेम कंपनीत माझ्या लेकीचं कामच ते.

"आई, सिनेमातलं 'फुस्स' खोटं असतं गं. खरं तर बंदुकीचा खटका ऐकू येतो, आणि माणूस पडल्याचा आवाज."

"छान! यासाठी शिकवलं तुला."

रस्त्यावरचे हॉर्न आत येऊ नयेत म्हणून आम्ही तिच्या खोलीभर पानिपतची ब्लँकेटं टांगली. तिने माइक धरला, मी लोखंडी कपाटाची कडी ओढली. खट्.

रेकॉर्डिंगमध्ये खट् होतं. पाठोपाठ काहीतरी जड पडलं होतं.

"आई, काय पाडलंस?"

"माझ्याकडे जड म्हणजे मीच, आणि मी उभी आहे."

पुन्हा केलं. पुन्हा तेच. वेळ संपत आली, तेव्हा तिने तसंच पाठवून दिलं.

लगेच साहेबांचा फोन आला. "मैत्रेयी, बिल्कुल असली! गिरने का साउंड तो कमाल है. बस, एंड में वो औरत का रोना हटा दो."

रडणं आम्ही ऐकलंच नव्हतं. मैत्रेयीने आवाज पूर्ण वाढवून फाइल पुन्हा लावली.

रडणारा आवाज माझाच होता. मी तिचं नाव घेऊन रडत होते.