शंका असेल तर विचारा

“कूलर बंद कर गं, रेकॉर्डिंग सुरू करतोय!” आतल्या खोलीतून शुभंकर ओरडला.

आसावरीने कूलर बंद केला. जयपूरचा मे महिना, भर दुपार आणि वैशाली नगरातला सगळ्यात वरच्या मजल्यावरचा फ्लॅट. पंखा आधीच बंद होता. मिक्सर लावायचा नाही, भांडं वाजवायचं नाही, कुकरची शिट्टी तर मुळीच नाही. खाली भाजीवाला आला की गॅलरीतून हात जोडून “भैया, स्पीकर जरा धीमा करो” म्हणायचं, तेही तिनेच. का, तर नवरा मराठी मुलांना पायथन शिकवत होता. स्क्रीनवर प्रोग्रॅमची एकेक ओळ लिहायची, ती समजावून सांगायची आणि तो व्हिडिओ यूट्यूबवर टाकायचा. “सर, किती शांतपणे समजावता!” असं लोक खाली लिहायचे.

शांतपणे! आसावरीला हसावं की रडावं कळेना. पुण्यातली अकाउंट्सची नोकरी सोडून ती या माणसामागे इथवर आली होती, ती काही घाम पुसत बसायला नव्हे. जयपुरातल्याच झालाना भागातल्या एका कंपनीने तिला परीक्षेला बोलावलं होतं आणि परीक्षा नेमकी पायथनची होती. घरातच मास्तर आहे म्हणून ती मोठ्या आशेने त्याच्याकडे गेली. तिचा प्रोग्रॅम यादीतली सगळी नावं देण्याऐवजी पहिलंच नाव देऊन थांबत होता. शुभंकरने मोबाइलवरून मानही वर केली नाही.

“एवढंसं कळत नाही तुला? मग कशाला त्या परीक्षेच्या भानगडीत पडतेस?”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला गेल्यावर तिने तोच प्रश्न त्याच्या व्हिडिओखाली लिहिला. तिच्या जुन्या लॅपटॉपवर तासगावच्या वडिलांचं यूट्यूबचं खातं उघडलेलं होतं. दिवाळीत तिनेच ते त्यांना काढून दिलं होतं. नाव सदाशिव, फोटोच्या जागी त्यांची लाडकी जर्सी गाय. संध्याकाळच्या आत लांबलचक उत्तर आलं. ‘सदाशिवराव, फार छान प्रश्न! ही चूक सगळ्यांकडून होते, मनाला लावून घेऊ नका. तुमची उत्तर परत देणारी रिटर्नची ओळ लूपच्या आत आहे, म्हणून पहिल्याच फेरीत काम संपतं. नावं आधी गोळा करा आणि रिटर्न बाहेर आणा. पुन्हा अडलात तर बिनधास्त विचारा.’

उत्तर अगदी बरोबर होतं, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला. म्हणजे या माणसाकडे वेळ होता, गोड शब्द होते, सगळं होतं. फक्त घरात खर्चायचं नव्हतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! आपल्या सासऱ्यांचं नाव सदाशिव आहे आणि त्यांच्या दारात अशीच गाय बांधलेली असते, एवढंही त्या विद्वानाच्या ध्यानात आलं नाही.

मग तिने रोजच विचारायला सुरुवात केली. उत्तरं येत गेली, ती शिकत गेली. प्रश्न अवघड होत गेले, तसा शुभंकर सदाशिवरावांवर खूश होत गेला.

“ते गाईवाले सदाशिवराव आहेत ना,” तो जेवताना कौतुकाने म्हणाला, “गावाकडचे दिसतात, पण डोकं काय चालतं गं! नाहीतर तू.”

आसावरीने घास गिळला आणि त्याला आमटी वाढली.

पुढच्या रविवारी त्याने लाइव्ह वर्ग ठेवला आणि सदाशिवरावांना खास आमंत्रण धाडलं. त्यांनी सगळ्यांसमोर एक कोडं सोडवून दाखवायचं होतं. तो आतल्या खोलीत दार लावून बसला. ती स्वयंपाकघरात लॅपटॉप घेऊन बसली, कॅमेरा बंद ठेवून. दोनअडीचशे जण बघत होते. तिने आपली स्क्रीन सगळ्यांना दाखवली आणि लिहू लागली. एकदा चुकली. चूक तिची तिनेच शोधली, दुरुस्त केली. प्रोग्रॅम मग झटक्यात चालला.

“बघा मित्रांनो, याला म्हणतात शिकणं!” शुभंकरचा आवाज आनंदाने फुलला होता. “सदाशिवराव, आता माइक सुरू करा. इतकं कुणाकडून शिकलात, सांगा सगळ्यांना.”

आसावरीने माइक सुरू केला. आवाज बदलायचा तिने जराही प्रयत्न केला नाही.

“तुमच्या व्हिडिओंवरूनच, सर. घरी विचारलं की नवरा अक्कल काढतो.”