तिसऱ्या थापेआधी

गुरुवारी बाबा लॅपटॉपवर जपानी कुस्तीची उपांत्य लढत बघत होते. पाठ टेकल्यावरही पंच तीन थापा मोजतो, याचं त्यांना हसू यायचं.

“आमच्यात टेकली की संपलं! माझी तर टेकलीही नव्हती. तरी जत्रेत पंचांनी हरवलं, तालीम सुटली. तू आखाड्याच्या कडेलाच होतीस ना गं?”

“लहान होते मी, बाबा.”

“रविवारी फायनल. चहा कडक कर.”

शुक्रवारी ते गेले.

रविवारी मी एकटीच बसले. त्यांचा लाडका, पन्नाशीचा पैलवान आडवा पडला. एक थाप. दोन. माझ्या मुठी आवळल्या. तिसरीआधी त्याने खांदा उचलला.

“बाबा,” मी मोठ्यांदा म्हणाले, “तुमचाही खांदा वर होता. मी पाहिलं होतं. तुम्ही घरी राहावं म्हणून बोलले नाही.”