बारीक केलेला आवाज

कुमुदताईंच्या मुलाची हायब्रीड गाडी एरवी मुकी, पण मागे घेताना कर्कश बीप-बीप करायची. शेजारच्या रझियाआपांना दिसत नाही, निदान शांतता तरी मिळावी, म्हणून ताईंनी त्यांना न विचारताच तो आवाज बारीक करून घेतला. हिमायतनगरच्या त्या गल्लीत दोघींचा चाळीस वर्षांचा शेजार; मुलगा मात्र ताईंना पुण्याला न्यायचं म्हणत होता. पंधरा दिवसांनी ताई आपांचा शीरखुर्म्याचा डबा, रिकामा कसा द्यायचा म्हणून करंज्या भरून, परत करायला गेल्या. आपांनी त्यांचे हात चाचपले. “अल्ला, तुम इधरीच हैं? गाडी का आवाज नै आया तो मैं समझी, बेटा तुमकू पुना लेको गया. मेरेसे मिले बगैर!” पूर्वी ताईंना घेऊन गाडी मागे निघताना तो आवाज आला की आपा ओसरीवरून हात हलवायच्या. पंधरा दिवस तो हात उठला नव्हता, आणि गाडीत बसलेल्या ताईंना ते एकदाही जाणवलं नव्हतं.