कार्डाबाहेरची पेशंट

साडेतीनशे गुण हवे होते, हर्षलाला मिळाले तीनशे चाळीस. तेही दुसऱ्यांदा. इंग्रजीचं वाचणं, लिहिणं, ऐकणं सगळं निघालं होतं, बोलण्यात मात्र पुन्हा घोडं पेंड खात होतं.

खोपोलीत शिळफाट्याला एका खाजगी दवाखान्यात ती नऊ वर्षं नर्स होती. किती जीव तिच्या हाताखालून बरे होऊन घरी गेले. आणि पेशंटशी बोलता येतं की नाही, हे आता कुणी परक्या माणसाने ठरवायचं! तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आयर्लंडमधल्या हॉस्पिटलने नोकरी देऊ केली होती, पण जूनपर्यंत ही परीक्षा सुटली नाही तर जागा दुसरीला जाणार होती. एकच खेप उरली होती.

परीक्षेत एक माणूस पेशंट होऊन समोर बसतो. कार्डावर आजार लिहिलेला असतो, आणि त्याच्याशी पाच मिनिटं इंग्रजीत बोलायचं असतं. खालापूरजवळच्या त्यांच्या गावात असा पेशंट आणायचा कुठून? नवऱ्याला, कमलेशला, तिने एकदा बसवून पाहिलं. तो दुसऱ्याच प्रश्नाला हसत सुटला आणि टीव्ही लावून बसला.

उरल्या सासूबाई. सुंदराबाईंना इंग्रजीचा गंध नव्हता. हर्षलाने भाजी निवडता निवडता त्यांना घाईघाईत समजावलं. रोज पाचला खुर्चीत बसायचं, मी काय होतंय ते विचारेन, तुम्ही मराठीत सांगा. मी इंग्रजीतच बोलेन, मध्ये मराठी आली की माझी लय तुटते. सुंदराबाई लगेच हो म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी तोंड धुऊन, ठेवणीतलं पातळ नेसून पाचच्या आधीच हजर झाल्या.

पण बाई कार्डाप्रमाणे बोलतील तर शपथ. पहिल्याच दिवशी कार्डात गुडघेदुखी होती. हर्षलाने तसं सांगितलंही.

"गुडघा नाय गं दुखत," सुंदराबाई म्हणाल्या. "दम लागतो. देवळाची चढण चढताना दोनदा बसते."

दुसऱ्या दिवशी कार्डात मधुमेह, तरी बाईंचा दम चालूच. तिसऱ्या दिवशी भाजलेला हात, तर बाईंचे पाय सुजलेले. हर्षला वैतागली. आपण परदेशी जाऊ नये म्हणून या मुद्दाम खोडा घालतात, असंही तिच्या मनात आलं, आणि तिने ते कमलेशला बोलून दाखवलं. तो म्हणाला, म्हातारं माणूस आहे, सांभाळून घे. सांभाळून घ्यायला याच्या बापाचं काय जात होतं!

मग एके दिवशी तिच्या इंग्रजीच्या क्लासच्या सरांनी फोनवर तिचे कान उपटले. तू पाठ केलेलं बोलतेस, समोरचा काय म्हणतोय ते ऐकतच नाहीस, तिथेच तुझे गुण जातात. हर्षलाला ते फार लागलं. पण तिने कार्डं कपाटात टाकली. सासूबाई काढतील तो आजार, असं ठरवलं.

त्यांनीही काही कमी केलं नाही. आडवं झालं की घुसमटतं. चपला घट्ट होतात. पहाटे खोकला उठवून बसवतो. कालचं आज बरोबर जुळवून सांगायच्या. हर्षलाला कौतुकच वाटायला लागलं. एवढं सुचतं कसं, असं तिने त्यांना एकदा विचारलं.

"विचारणारं माणूस असलं की सुचतं," सुंदराबाई म्हणाल्या.

हर्षला आता थांबून ऐकायची आणि मग सफाईने इंग्रजी बोलायची. तुमची काळजी मी समजू शकते. हे हृदयाचं दुखणं असू शकतं. आजच्या आज डॉक्टरांना दाखवा, एक दिवसही थांबू नका. सुंदराबाई मान डोलवत सगळं ऐकून घ्यायच्या आणि भात लावायला उठायच्या.

परीक्षेतला पेशंट तिरसट निघाला, भलतंच बोलायला लागला. हर्षला डगमगली नाही. पुढचे अठरा दिवस तिने ड्युटीवर ड्युटी घेतली. घरी बसलं की निकालाच्या धास्तीने जीव खालीवर व्हायचा.

तीनशे ऐंशी! निकाल बघून ती दवाखान्याच्या जिन्यातच बसून रडली. इतक्या महिन्यांचा राग डोळ्यांतून गेला. येताना तिने पेढे आणले आणि पहिला पेढा सासूबाईंच्या हातावर ठेवला. तुमच्यामुळे पास झाले, तुमच्यासारखी पेशंट कुणाला मिळाली नसेल, आता रोज बसायचा जाच संपला, असं ती भरभरून बोलत राहिली.

"म्हंजी झालं तुझं इंग्रजी?" सुंदराबाईंनी विचारलं.

"झालं, आई."

सुंदराबाई भिंतीला धरत खुर्चीपर्यंत आल्या, बसल्या आणि श्वास जमेपर्यंत थांबल्या.

"मंग आता मराठीत सांग गं," त्या म्हणाल्या. "दोन महिनं रोज तपासलंस, मला झालंय काय?"