कॅच, कॉट, कॉट

"कॅच," बिराजदार सर म्हणाले. "दिपाली, तिन्ही रूपं सांग."

दिपाली उठली. "कॅच, कॅच्ड..." एवढं बोलून तिनं जीभ चावली.

सरांनी शेजारी बसलेल्या सुकन्याकडं पाहिलं.

"कॅच, कॉट, कॉट," सुकन्या म्हणाली.

सर स्वतः कुणाला बोट लावत नसत. पोरांना मारायचं नाही, हा कायदा त्यांना पाठ होता. त्यांच्या वर्गात ज्याला रूपं येतील त्यानं न येणाऱ्याच्या कानाखाली वाजवायची.

दोघी पहिलीपासून एका बाकावर. सुकन्यानं दिपालीच्या गालाला नुसता हात लावला.

"माशी हाकलतीस का?" सर शांतपणे म्हणाले. "नीट मार. नाहीतर आख्खा वर्ग रांगेनं मारील."

मागची पोरं सरसावून बसली. एकानं तळहातावर तळहात घासला.

"मार की," दिपाली पुटपुटली. "त्येंच्यापरीस तू बरी."

सुकन्यानं मारली. दिपालीचं डोकं खिडकीच्या गजावर आदळलं. कानातली रिंग गजात अडकून पाळी फाटली आणि रक्त मानेवरून खाली ओघळलं. वर्ग हसला.

"आता कसं," सर म्हणाले.

सुकन्याचा तळवा झिणझिणत होता. एवढ्या जोरानं मारायची गरज नव्हती. मारतानाच तिला ते कळलं होतं, तरी हात थांबला नव्हता.

"थ्रो. आता सुकन्या, तू."

सकाळी धरणाच्या कडेनं सायकलवर येताना दोघींनी हेच घोकलं होतं. सुकन्या खाली बघत उभी राहिली.

"येत न्हाय, सर."

"दिपाली?"

"थ्रो, थ्रू, थ्रोन."

"मग फेड उसनं."

सुकन्यानं गाल पुढं केला, डोळे घट्ट मिटले. जोरात बसू दे, लई जोरात, ती मनात म्हणत राहिली. खिडकीपलीकडं धरणाच्या पाण्यावरची मोटर एकसारखी चालली होती.

"हिला येतंय, सर," दिपालीचा आवाज आला. "मुद्दाम सांगंना झालीय."

सुकन्यानं डोळे उघडले. दिपालीनं ओढणीचं टोक कानावर दाबून धरलं होतं. दुसऱ्या हातानं तिनं दप्तर ओढलं आणि ती शेवटच्या बाकावर जाऊन बसली.