पहिला तांब्या

पहिला दगड समोरच्या काचेवर बसला, दुसरा सर्जेरावच्या कपाळावर. त्यानं हायड्रोजन वायूवर चालणारा कारखान्याचा ट्रक थांबवला, तोच कुऱ्हाडी घेतलेल्या बाप्यांनी त्याला कॉलर धरून खाली ओढलं.

"गाडी बंद करायची नाही," जमावाच्या पुढं असलेल्या गावच्या कौसाबाईनं त्याच्या गळ्याला कोयता लावला. "केलीस तर मान उतरवीन."

ट्रकच्या मागच्या नळीतून धुराऐवजी स्वच्छ पाणी ठिबकत होतं. खाली तहानलेल्या गावाचे हंडे लागले. दोघीजणी तर नंबरासाठी एकमेकींच्या झिंज्या उपटू लागल्या.

पहिला तांब्या मात्र कौसाबाईनं सर्जेरावच्याच तोंडाला लावला. गावची रीतच तशी, दारी आलेल्या वैऱ्यालाही आधी पाणी.

तोंड बंद ठेवायची कारखान्याची ताकीद होती. पण त्यांच्या हातचं पाणी पिऊन गप्प बसणं सर्जेरावला जमेना.

"मावशी, ही गाडी ज्या गॅसवर चालते, तो कारखान्यात पाणी फोडूनच करतात. जमिनीखालच्या नळानं पाणी ओढतात, तुमचा तलाव त्यापायीच आटला."

हाणामारी थांबली. कौसाबाईनं कोयता काढला, पदरानं त्याच्या कपाळावरचं रक्त पुसलं.

"कारखाना किती लांब?"

"बारा कोस."

"हंडे राहू द्या गं!" ती ओरडली. "कुऱ्हाडी घ्या आणि चढा!" मग सर्जेरावकडे वळली. "लेकरा, फिरव गाडी."